शटडाऊन होऊ दे, मग

फोन आला तेव्हा मी ताथवड्याला मुलीच्या कॉलेजसमोर गाडी लावून बसलो होतो. चाकणहून माझ्या जुन्या दोस्ताच्या, बालाजीच्या हाताखालचा एक फिटर बोलत होता. "दादा, सर पडले," तो म्हणाला. मला वाटलं शिडीवरून पडला असेल, आणि खरं सांगतो, आधी माझ्या तोंडून शिवीच गेली. हृदयात ब्लॉकेज घेऊन हिंडणाऱ्या माणसाला शिडीवर चढायचं काय अडलं होतं? फिटर म्हणाला, "शिडीवरून नाही, दादा... उभेच होते." पुढचं मला विचारावं लागलं नाही. त्याला आता काही आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. मी लिहीनही, पण माझा राग अजून गेलेला नाही हे आधीच सांगून टाकतो.

आमची ओळख भोसरीतल्या भाड्याच्या खोलीतली. तो अंबाजोगाईकडून आलेला, मी कोरेगावहून. एकाच शेडमध्ये मेंटेनन्सला लागलो आणि एकाच स्टोव्हवर वर्षानुवर्षं पिठलं ढवळलं. आमच्या कामात एक नियम असतो. मशीनच्या आत उतरायचं तर आधी मेन स्विच बंद करायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं आणि आपल्या नावाचा लाल टॅग अडकवायचा. ज्याने लावला त्यानेच तो काढायचा, साहेब आला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. आणि काढण्याआधी मशीनभोवती चक्कर मारून मोठ्याने हाक द्यायची, "आत कोणी आहे का?" कुणी ओ दिली नाही की मगच टॅग काढायचा. आम्ही बाकीचे ती हाक उरकून टाकायचो. बालाजी मात्र हाक मारायचा, कान देऊन उभा राहायचा, पुन्हा हाक मारायचा. पोरं चिडवायची, "काय राव, आत पाहुणे उतरलेत का?" तो शांतपणे म्हणायचा, "दम धरा की. आत माणूस असला तर त्याला ओ द्यायला येळ लागतो का न्हाई?" तीस वर्षं इकडे काढली, फ्लॅट रावेतला घेतला, चाकणच्या कंपनीत मेंटेनन्सचा मुख्य झाला, पण बोली काही सोडली नाही.

त्याचा खरा जीव अडकला होता तो केबिनमध्ये. आंदर मावळात डोंगराच्या अंगावर त्याने जमिनीचा लहानसा तुकडा घेतला होता आणि त्यावर भंगारवाल्याकडून आणलेलं पत्र्याचं केबिन ठेवलं होतं, कुठल्यातरी बांधकामाच्या साइटवरचं जुनं ऑफिस. लोक अशा ठिकाणी लाकडाची टुमदार घरं बांधतात. याच्या दारावर अजून 'हेल्मेटशिवाय प्रवेश नाही' असं लिहिलेलं होतं. सुनीता वहिनी, म्हणजे त्याची बायको, आत शिरताना मुद्दाम डोक्यावर पदर घ्यायच्या आणि म्हणायच्या, "घातलं बाई हेल्मेट." तिथे फोनला रेंज नाही. शनिवारी जायचं, झऱ्यावरून पाणी आणायचं, चुलीवर काहीतरी रटरटत ठेवायचं, आणि रविवारी उन्हं कलली की खाली उतरायचं. एवढाच कार्यक्रम, आणि तो त्याला कधी पुरत नसे.

नोव्हेंबरात वहिनींचा फोन आला. "भाऊजी, डॉक्टर म्हणालेत बायपास करा, थांबू नका. हे म्हणतात शटडाऊन होऊ दे, मग. या वेळी मी येत नाही केबिनवर, तुम्हीच जा. तुमचं ऐकतील." शटडाऊन म्हणजे वर्षातून एकदा कंपनी काही दिवस पूर्ण बंद असते, बाकीचे सुट्टीवर जातात आणि मेंटेनन्सवाले मशीनच्या पोटात शिरतात. ते होतं डिसेंबरअखेर. तोवर मधे सगळा महिना होता.

तो शनिवार मला आठवतो तो छातीत धडधड घेऊनच, आणि आजारी मी नव्हतो. पाण्याचा कॅन मी उचलायला गेलो तर त्याने हिसकावून घेतला. चढताना तो मधेच थांबायचा, खालचं धरण बघतोय असं दाखवायचा. हात मात्र दगडावर टेकलेला, आणि थंडीत कपाळावर घाम. मी मागून चालत होतो आणि हा पडला तर याला खाली कसा न्यायचा, गाडी तर पार वळणाखाली लावलीय, एवढाच विचार करत होतो. दिवसभर आम्ही क्रिकेटवर बोललो, पोरांवर बोललो, भाकरी करपली त्यावर बोललो. मुद्द्याला कुणी हात घालेना.

संध्याकाळी चुलीपाशी बसल्यावर त्यानेच तोंड उघडलं. "कामून आलास ते ठावं हाय मला. सुनीतानं धाडलंय."

"मग सांग. कधी ॲडमिट होतोस?"

"मोठ्या प्रेसमधून आवाज येतोय. शटडाऊनला उघडायचाय. तेवढं झालं की लगेच."

"दुसरं कोणी उघडेल."

"उघडंल. बसवंल का नीट?"

ही चूक आमच्याच जातकुळीची. चालू लाइन थांबवायची नाही, हे आमच्या हाडात भिनलेलं. मशीन आवाज करतंय ना, करू दे, चालतंय तोवर चालवा, शटडाऊनला बघू... हे मी स्वतः हजार वेळा बोललोय. पण ते लोखंडाबद्दल. हा शहाणा तोच हिशोब स्वतःच्या काळजाला लावून बसला होता.

माझं डोकं फिरलं. मी उठलो, त्याच्या टूलबॉक्समधून एक लाल टॅग काढला, मार्करने त्यावर माझं नाव लिहिलं, अनिल, आणि त्याच्या अंगातल्या कंपनीच्या जाकिटाच्या काजात अडकवला. "मशीन बंद," मी म्हणालो. "ऑपरेशन झालं की मी काढीन." मला वाटलं हसेल. तो हसला नाही. टॅग बोटांत धरून कितीतरी वेळ बघत राहिला.

"हे बरं न्हाई केलंस. मला काढता येत न्हाई हे तुला ठावं हाय."

"म्हणूनच लावलाय."

सकाळी उठलो तर टॅग तसाच त्याच्या छातीवर, आणि मला वाटलं, जिंकलो. निघायच्या वेळी त्याने काय करावं? अंगातलं जाकीटच काढलं आणि दारामागच्या खिळ्याला अडकवलं, टॅगसकट. "हात लावला न्हाई, बग," म्हणाला, आणि आता मात्र हसला. "शटडाऊन झालं की ॲडमिट होतो. मग दोघं येऊ, तू काढ." नुसत्या शर्टवर, त्या बोचऱ्या वाऱ्यात तो डोंगर उतरला. मी वाटेत भांडलो, नंतर फोनवर भांडलो. त्याने जानेवारीची तारीखही घेतली होती. प्रेस उघडून, बसवून झाला, आणि शटडाऊन संपायच्या आत तो गेला.

दहाव्याला तोच फिटर भेटला. म्हणाला, "दादा, प्रेस आता अजिबात आवाज करत नाही." मला ते ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाच संताप आला.

गेल्या रविवारी वहिनींना घेऊन केबिनवर गेलो. त्यांनी दार उघडलं, सवयीने डोक्यावर पदर घेतला, या वेळी काही बोलल्या नाहीत. दारामागे जाकीट होतं. खांद्यांवर धूळ बसलेली, काजात टॅग, त्यावर माझं नाव. वहिनींना ती सगळी गोष्ट त्याने सांगितली होती. म्हणाल्या, "तुम्हीच लावलाय ना, तुम्हीच काढा." मी हात पुढे केला, पण नियम आडवा आला. बाहेर गेलो आणि केबिनभोवती पूर्ण चक्कर मारली. चुलीमागे, झऱ्याच्या वाटेकडे बघितलं. मग दाराशी येऊन आयुष्यात पहिल्यांदाच नीट, मोठ्याने हाक मारली, "बालाजी... आहेस का रे आत?"

कुणी ओ दिली नाही. मी टॅगला हात घातला, तेवढ्यात वहिनींनी माझं मनगट धरलं.

"अजून एकदा मारा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "ओ द्यायला वेळ लागतो."