मामाचं ॲडजस्ट

आमचा मामा शिलाईच्या कारखान्यात सुपरवायझर. इंग्रजी त्याला एवढंच येतं, ॲडजस्ट. पण त्या एका शब्दावर त्यानं बावीस बायकांना वर्षानुवर्षं नाचवलं. जेवणाची सुट्टी निम्मी करायची, तर ॲडजस्ट करा. दोघींच्या बाकड्यावर तिसरी बसवायची, तर ॲडजस्ट व्हा. अंगात ताप आहे म्हटलं, तर गोळी घे आणि ॲडजस्ट कर. स्वतःची पंख्याखालची खुर्ची मात्र त्यानं कधी तसूभर हलवली नाही. मला हा माणूस मनापासून आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते.

बाबा गेल्यावर ताईला आणि मला त्यानंच तिथे चिकटवलं. त्या उपकाराचा पाढा आई त्याच्यापुढे मान खाली घालून ऐकायची.

गेल्या वर्षी मोठी ऑर्डर आली. बोट सुईखाली जाऊ नये म्हणून मशीनला तारेचं गार्ड असतं. त्यामुळे कॉलर वळवायला वेळ लागतो, म्हणून मामानं सगळी गार्डं काढायला लावली. माणूस टापटिपीचा. प्रत्येक गार्डाला स्वतःच्या हातानं मशीन नंबरची चिठ्ठी बांधून त्यानं ती आपल्या कपाटात कुलूपबंद केली. चौथ्या दिवशी ताईच्या तर्जनीतून सुई आरपार गेली.

सरकारी तपासणी होणार म्हटल्यावर मामा घरी आला. आईदेखत ताईला म्हणाला, "गार्डं बायकांनी आपापली काढली, तुझं तूच काढलंस म्हणून सांग. जबाब थोडा ॲडजस्ट कर. नाहीतर तुम्हा दोघींना ठेवणं माझ्या हातात नाही."

दुसऱ्या दिवशी ताई पढवल्यासारखं बोलली. अधिकारी लिहून घेत होते, कामगाराची स्वतःची चूक. मामा वर म्हणतो कसा, पोरीला किती वेळा बजावलं होतं. तिथे माझं टाळकं सटकलं.

"साहेब, यांचं कपाट उघडायला लावा," मी म्हणाले.

किल्ली घरी राहिली, असं मामा खिसा दाबून सांगत होता. अधिकाऱ्यांनी नुसता हात पुढे केला. बावीस गार्डं टेबलावर आली, चिठ्ठ्यांवर मामाचंच अक्षर. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

अधिकाऱ्यांनी ताईला पुन्हा विचारलं, आता तरी खरं सांगा. तिनं बँडेज बांधलेला हात पदराखाली घेतला.

"चूक माझीच आहे, साहेब," ती म्हणाली. "आणि हिचं काही लिहू नका. हिला मामाचा राग आहे."