सातवीचा बैल

फळ्यावर आंबा काढायचा आणि पोरांना सांगायचं, "असाच काढा." रायपूरच्या शाळेत चित्रकला शिकवण्याची माझी पद्धत एवढीच होती. मग वरून फर्मान आलं, आता चित्रकलाही प्रोजेक्ट करून शिकवा. मी सातवीच्या पोरांनाच विचारलं, काय बनवायचं?

पोळा तोंडावर आला होता. एक पोट्टी उठली. तिच्या घरी आमच्यासारखीच नागपुरी मराठी, पण मी मराठीत विचारलं तरी ती हिंदीतच उत्तर द्यायची. "मॅडम, बैल! इतना बड़ा कि पूरी क्लास अंदर घुस जाए."

वर्गात जो गलका झाला, त्यात माझं 'नाही' कुणाला ऐकूच गेलं नाही.

मग आम्ही बूढ़ापारा मोहल्ल्यात बैल बघायला गेलो. कान शिंगाच्या वर की खाली, यावरून पोरं हातघाईवर आली होती. बैलानं मान हलवून निकाल दिला. बांबूच्या कामट्या वाकवल्या, वर रद्दी पेपर चिकटवले. मैद्याची खळ पातेलंभर मीच शिजवली. पोट बनवताना पोरं आपणहून गोलाचा घेर मोजायला शिकली, आणि गणिताचे सर मला विचारायला आले, "ये आपने कैसे करवाया?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल शाळेबाहेर निघाला. आत सगळा वर्ग, बाहेर फक्त पाय. वळणावर उभ्या असलेल्या गाईला मैद्याचा वास लागला. ती आली आणि बैलाचं पोट चाटायला लागली. कागद फाटला, जीभ आत गेली.

आतून किंकाळी आली, "मॅडम, मले चाटून राहिली! हाकला न तिले!"

तीच पोट्टी! अस्सल नागपुरीत! मी गाईला हाकलायचं सोडून टाळ्याच वाजवायला लागले.

तेवढ्यात पुढचे पाय डावीकडे पळाले, मागचे उजवीकडे. बैल मधोमध फाटला. अर्धा बैल पानठेल्यापुढे थांबला, शेपटीकडचा अर्धा सरळ शाळेत शिरून प्राचार्यांसमोर उभा राहिला. आता बोलणी बसणार म्हणून मी धावत पोचले, तर ते खुर्चीत हसून हसून वाकडे झालेले. "मॅडम," कसंबसं म्हणाले, "मुंडी किधर है?"

घरी गेल्यावर आईनं विचारलं, "काहून एकटीच हसून राहिली वो?"

सांगायला तोंड उघडलं की पुन्हा हसू फुटायचं. शेवटी काय झालं ते न कळताच आईही हसायला लागली, आणि आमची पोळी तव्यावर करपली.