एकदाच उडवायचं नाणं

नवशीचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. कपाळाला बॅटरी बांधून ती आमच्या पाड्यावरच्या रोहिदासच्या मोगऱ्यात शिरते. ऊन वर आलं की कळी उमलायला लागते आणि उमललेली कळी दादरच्या बाजारात कोणी घेत नाही. म्हणून घाई. पण घाईत कळी ओरबाडली तर देठ चिरडतो, दुपारपर्यंत ती पिवळी पडते. नवशी अंगठ्याच्या नखाने देठ दाबते, कळी तळहातात येते. दोन्ही हात चालू असतात. मी उभा जन्म विहिरी खोदल्या, अंगचोर माणूस मला लांबून ओळखू येतो. नवशीच्या कामात मला खोट सापडलेली नाही.

आम्ही पोशेरा गावाच्या एकाच पाड्यावर राहतो. तिचा नवरा पुंजा माझ्याबरोबर विहिरीवर होता. एकदा पायावर दगड पडला, तेव्हापासून त्याला जड काम होत नाही. मजुरी आणणारी ती एकटी. जमीन म्हणजे ओहोळाकाठचं भाताचं एक खाचर. रेशनचा तांदूळ अर्धा महिना जातो. बाकीचं त्या खाचरावर.

नवशीचं डोकं मात्र पाड्यावर सगळ्यात तल्लख. आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकली, पुढे कोणी पाठवली नाही. कोणतं बियाणं घ्यावं, मुलीला कुठे द्यावी, लोक तिलाच विचारतात. ती लगेच बोलत नाही. दोन प्रश्न विचारते, मग सांगते. बहुतेक वेळा तसंच होतं.

काही वर्षांपूर्वी कुठल्याशा कॉलेजातून अवंती नावाची मुलगी पाड्यावर आली होती. समाजमंदिरात बसून ती एकेकाला चित्रांची कोडी घालायची. तुटलेल्या नक्षीत कोणता तुकडा बसेल, आकडे उलटे म्हणा, असं. नवशीने सगळी सोडवली. माझं निम्म्यात अडकलं. कोडी झाल्यावर बक्षीस होतं. स्टीलचा डबा सरळ घेऊन जा, नाहीतर नाणं उडवा. छापा आला तर मोठा कुकर, काटा आला तर काही नाही.

रोहिदासने नाणं उडवलं. काटा आला. तो हसला. म्हणाला, "जाऊ दे. घरात दोन कुकर आहेत, तिसरा कशाला?" त्याचा थोरला भाऊ मोखाड्याला सरकारी कचेरीत कारकून आहे.

नवशीने डबा घेतला.

अवंतीला नवल वाटलं. ज्यांची कोडी सुटतात ते जास्त करून नाणं उडवतात, असं ती म्हणाली. त्यांना दिसतं ना, की कुकर डब्याच्या कितीतरी पट महाग आहे. मग तिने नवशीला विचारलं, "मावशी, तुम्हाला हे कळलं नव्हतं का?"

"कळलं की," नवशी म्हणाली. "पुन्हा पुन्हा उडवायला देशील तर मी कुकरच मागंन. एकदाच उडवायचं, तर डबा दे. घरात डबा नाय."

अवंतीने ते लिहून घेतलं की नाही, मला माहीत नाही.

त्याच सुमारास आमच्याकडे मोगऱ्याची लागवड वाढत होती. रोहिदास नवशीकडे आला. "वहिनी, भात काढून मोगरा लावू का?" तिने विचारलं, उन्हाळ्यात पाणी कुठवर राहतं, दीड वर्ष फूल येणार नाही तोवर खाणार काय. पाणी पुरतं आणि भाऊ धान्य देतो, असं तो म्हणाला. तिने सांगितलं, "मग लावा. अर्ध्या रानात लावा, अर्ध्यात भात ठेवा." त्याचे खड्डे मी खणले. मोगरा लागला, चांगला लागला.

खरं तर पाणी तिच्या खाचराला त्याच्यापेक्षा जास्त. ओहोळ बांधाला लागून वाहतो. मी तिला म्हटलं, खड्डे मी खणतो, मजुरी नको.  हा सगळा हिशेब तिने मनात आधीच करून पाहिला होता. म्हणाली, "दादा, लागंल, मला माहीत हाय. पण त्यांची रोपं जळली तर ते परत लावतील. माझी जळली तर ह्यांना काय घालू?" पुंजा बाजूला बसून पायाला तेल लावत होता.  

तर ती रोहिदासच्या मोगऱ्यात कळ्या तोडायला लागली, आणि आपल्या खाचरात भात लावत राहिली.

आमच्याकडे भातकापणी एकमेकांच्या शेतात पाळीने होते. आज सगळे तुझ्या रानात, उद्या माझ्या. गेल्या वर्षी नवशीची पाळी दुसरी होती. रोहिदासची शेवटची. पण दिवाळी तोंडावर होती. तेव्हा कळी थोडी, भाव चढा. त्याला भात लवकर आवरून मोगऱ्याकडे वळायचं होतं. तो पाळी बदलून मागायला आला. सरळ बोलला, दमदाटी नाही. नवशीने आभाळाकडे पाहिलं, मग पुंजाकडे. कापलेला भात दोन दिवस उन्हात पडून राहावा लागतो हे तिला ठाऊक होतं. रोजची मजुरी ज्याच्या रानात, त्याला नाही म्हणता येत नाही, हेही ठाऊक होतं. "घ्या," म्हणाली.

तिचा भात शेवटी कापला. दुसऱ्या दिवशी दुपारी ढग भरून आले. ती रोहिदासच्या खळ्यावर झोडणीला होती, तिथून पळत आली. माझ्यानं पळवत नाही, मी मागून आलो. पाड्यावरचे आले, रोहिदासही आला. काही भारे बांधून ओढले. बाकीचा भात खाचरातच राहिला. पाऊस थांबला नाही. त्या दिवशीही नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. ओहोळ बांधावरून आत आला.

ऊन पडलं तेव्हा लोंब्यांना कोंब फुटले होते. नवशी एकेक पेंढी उचलून झटकत होती. त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं, तरी तिने एकही सोडली नाही. पुंजा बांधावर उभा होता. म्हणाला, "मोगरा असता तर पाऊस पिऊन बसला असता." ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "आता सांगताय." आणि पुढची पेंढी उचलली.

भात नक्की, म्हणून तिने तोच धरला होता. तोही नक्की नव्हता. यात तिचं डोकं कुठे कमी पडलं, मी अजून शोधतो.

दिवाळी झाली. रोहिदासने कळ्यांच्या मजुरीत काही ठेवून घेतलं नाही, सगळी चुकती केली. नवशी बाजाराच्या दिवशी जीपने मोखाड्याला गेली आणि त्या पैशांचा दुकानातला तांदूळ घेऊन आली. एक पोतं.