पिशोरची फेरी

सखाराम गाडीत मोठ्या माणसांशी बोलत नाही. आमची संस्था पुंडलिकनगरात आहे. कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या मुलांच्या घरच्यांना आम्ही राहायला खोली, दोन वेळचं जेवण आणि गावी जायला गाडी देतो. गाडी सखाराम चालवतो. एसटीतून रिटायर झालेला, आणि हट्टी इतका की मी त्याच्याशी वाद घालणं सोडून दिलंय. त्याची रीत अशी, की जे विचारायचं ते लेकराला विचारायचं. "राजे, आईला विचारा, खिडकी लावू का?" मग आई लेकराला सांगणार, लेकरू सखारामला. त्याचं म्हणणं, दवाखान्यात सगळे लेकराच्या डोक्यावरून बोलतात, माझ्या गाडीत तरी त्याला मान असू द्या. मला ही सगळी नाटकं वाटायची.

गेल्या मार्चमध्ये सहा वर्षांच्या इंद्रजीतला डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. म्हणजे काय, ते त्याच्या आईला, सुलेखाला, कळलं होतं. तिला एवढंच हवं होतं की लेकरू पिशोरला त्याच्या आजीच्या मांडीवर पोचावं. नवरा आदल्या दिवशी पुढं गेला होता. निघताना मी तिला नियम वाचून दाखवला. वाटेत लेकरू गेलं तर गाडी परत फिरते, दवाखान्यात कागद होतात, कधी दोन दिवसही लागतात. हा नियम मीच लिहिला होता. तिनं मान हलवली आणि इंद्रजीतला शालीत गुंडाळून मागच्या सीटवर बसली.

पुढचं सखारामनं सांगितलेलं.

शहर सुटेपर्यंत पोरगा हळू आवाजात बोलत होता. मग तो थांबला आणि आई सांगायला लागली. पाणी हवं का विचारलं, तर नको म्हणतोय. ऊन लागतंय का, तर नाही म्हणतोय. चौक्याच्या घाटात सखाराम लेकरांच्या परवानगीनं हॉर्न वाजवतो. त्यानं विचारलं, "वाजवू का, राजे?" मागून बारीक आवाज आला, "वाजवा." त्यानं दोनदा वाजवला. लेकरू बोललं म्हणून त्याला फार बरं वाटलं.

फुलंब्रीला वळताना शालीतून एक हात बाहेर लोंबला. सुलेखानं तो उचलला, चोळला आणि पुन्हा आत ठेवला. सखारामनं हे आरशात पाहिलं आणि काय झालं ते ओळखलं. तेवढ्यात माझाच फोन गेला, कुठवर आलात म्हणून. "लेकरू झोपलंय," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मग त्यानं नेहमीसारखं विचारलं, "राजे, आईला विचारा, हळू घेऊ का?"

सुलेखा म्हणाली, "जोरात घ्या म्हणतोय."

पुढं तासभर, टळटळीत उन्हात, दोन माणसं एका मेलेल्या लेकराशी बोलत राहिली. सखाराम सांगतो, ती लगेच उत्तर देत नसे. शालीकडं कान नेई, ऐके आणि मग सांगे. एकदा तर हसली. त्याच्या अंगावर काटा आला, पण गप्प बसायची भीती त्याहून मोठी होती. आपण बोलायचं थांबलो की लेकरू खरंच गेलं, असं त्याला वाटत होतं.

पिशोरला आजी, मनकर्णाबाई, दारातच उभी होती. गाडी थांबवून सखारामनं पहिल्यांदा मागं वळून पाहिलं.

"बाई, मला फुलंब्रीपासून ठावं व्हतं," तो म्हणाला. "मी गाडी फिरवली नाय."

तिनं शाल नीट केली. "लई उपकार झाले, मामा. त्यो हर्सुलातच गेला व्हता. तुमी फिरवताल म्हनून मी बोलत राहिले."

हर्सूल म्हणजे घाटाच्या कितीतरी अलीकडं. घाटात तो आवाज तूच काढलास का, हे विचारायचं सखारामच्या ओठावर आलं होतं. पण ती उतरली, लेकरू आजीच्या हातात दिलं आणि तिथंच जमिनीवर बसली. मग त्यानं विचारलं नाही.

तो नियम मी दुसऱ्या दिवशी खोडला. मला माझीच लाज वाटली.

त्या दिवशी पिशोरहून परतताना गाडी रिकामी होती. चौक्याचा घाट आला तसं सखारामनं सवयीनं विचारलं, "वाजवू का, राजे?" आणि उत्तर ऐकू येऊ नये म्हणून हॉर्न दाबला, तो घाट संपेपर्यंत सोडला नाही.