काट्याला दहा, साहेबांना शंभर

साखर कारखान्यात नोकरी केलेला माणूस आणि किस्सा यांची कधी ताटातूट होत नाही. परवा कळमनुरीला एका लग्नात आमच्या जुन्या कारखान्यातली मंडळी भेटली. जेवणं उरकली, पानं खाऊन झाली, मांडववाले खुर्च्या उचलायला लागले, तरी आमचं 'ते आठवते का?' चालूच! शेवटी एक मांडववाला मलाच म्हणाला, "काका, खुर्ची द्या आता. उभ्यानं सांगा."

तर आता बसून सांगतो.

दोन हजार सालानंतरची ती पाच-सात वर्षं. आमचा कारखाना वसमतच्या अलीकडं, आणि मी तिथं कम्प्युटर ऑपरेटर. खात्यात माणसं तीनच. प्रमुख राठोड सर, डाटा एन्ट्रीच्या शिंदे मॅडम आणि मी, इंगोले. राठोड सर पुसेगावकडच्या एका तांड्यावरचे. हुशार, कष्टाळू, पण एक खोड होती. वरच्या माणसानं काहीही सांगितलं की तोंडातून एकच शब्द निघायचा, "व्हय साहेब!" साहेबांनी सूर्य कळमनुरीकडून उगवतो म्हटलं असतं, तरी सर म्हणाले असते, "व्हय साहेब, आज थोडा लेट हाय."

आमची खोली म्हणजे पूर्वीचं खताचं गोदाम. चेअरमन साहेब एकदा हैद्राबादला अभ्यास दौऱ्यावर गेले आणि काचेच्या खोलीत लुकलुकणाऱ्या दिव्यांची कपाटं पाहून आले. परत आल्यावर गोदामाला चुना लागला, एसी बसला, एक कपाट आलं, त्यात एक स्विच आला. स्विच म्हणजे भिंतीवरचा नव्हे. सगळ्या खात्यांच्या कम्प्युटरच्या तारा ज्या पेटीत येऊन जुळतात, ती पेटी. दारावर पेंटरनं लाल अक्षरात रंगवलं, 'डाटा सेंटर'. खाली स्वतःहून जोडलं, 'थुंकू नये'.

एसी मात्र सगळ्या कारखान्याच्या कामाला आला. सत्यनारायण असो की पाहुण्यांचा सत्कार, झेंडूचे हार आदल्या दिवशीच आमच्याकडं मुक्कामाला. नांदेडहून कंपनीचा इंजिनिअर तपासणीला आला, तर कपाटाला गच्च हार लटकलेले! त्यानं बिचाऱ्यानं बूट काढले, हात जोडले आणि मगच स्क्रू ड्रायव्हर काढला.

*

याच इंजिनिअरनं आम्हाला स्विचचा वेग शिकवला. पेटीला चोवीस भोकं, त्यांना पोर्ट म्हणायचं. प्रत्येक पोर्टचा वेग ठरवता येतो, दहा किंवा शंभर. शंभर असला की हिरवा दिवा, दहा असला की पिवळा. "सगळं ऑटोवर ठेवा," तो म्हणाला. "दोन्हीकडची मशीन आपसात बोलून वेग ठरवतात." एवढं सांगून तो गेला.

बाकीच्यांचं बोलणं झालं, पण गेटवरच्या वजनकाट्याचं काही जुळेना! काट्यावरचा कम्प्युटर जुनाट, त्यात गेटपर्यंतची तार लांबच लांब. दिवा लागायचा, विझायचा. शेवटी ऐन हंगामात काटा बंद पडला. उसाच्या गाड्या गेटपासून पार डांबरी रस्त्यापर्यंत. बैल रवंथ करताहेत, ट्रॅक्टरवाले शिव्या देताहेत.

काट्यावर रहीमभाई. त्यांचे वडीलही याच काट्यावर होते. ते तणतणत आमच्या खोलीत आले. "राठोड सर, हे काय चालून राहिलं?"

सर म्हणाले, "रहीमभाई, सोयरीक चालू हाय समजा. हा स्विच म्हणते शंभर, तुमचं मशीन म्हणते दहा. बोलणी फिसकटून राहिली."

"मंग मधी तुमी काहून बसले? दहावर लावून टाका की!"

सरांनी काळ्या पडद्यावर दोन ओळी टाइप केल्या, काट्याचा पोर्ट दहावर पक्का केला. पिवळा दिवा लागला तो लागला. गाड्या हलल्या.

पण चेअरमन साहेब भडकले होते. संचालकांच्या देखत म्हणाले, "राठोड, याच्यानंतर तुमच्या कम्प्युटरपायी काटा एकदा जरी थांबला, तर त्या खोलीला कुलूप. तुमी परत शेतकी खात्यात, बांधावर!" एका संचालकानं तर उत्साहात कुलूप आणूनही ठेवलं, चांगलं पितळी.

सर म्हणाले, "व्हय साहेब."

आम्हाला ते हसण्यावारी नेता येईना. सरांनी त्याच वर्षी तांड्यावरून बिऱ्हाड वसमतला हलवलं होतं, पोरीला तिथल्या शाळेत घातलं होतं. शेतकीत गेले असते तर पुन्हा गावोगाव फिरती आणि पोरगी परत तांड्यावर. मॅडमना आणि मलाही दुसरं खातं कोण देणार होतं? त्या दिवसापासून आम्ही तिघंही सकाळी आलो की आधी काट्याचा पिवळा दिवा पाहायचो, मग चहा.

*

हिरव्या-पिवळ्या दिव्याची बातमी ऑफिसात फुटली आणि सुरू झालं मानपानाचं नाटक! लग्नात आहेर कुणाला आधी, यावरून रुसतात ना, तसं.

ऑफिस सुपरिंटेंडंट बोंढारे साहेब आले. वयानं सगळ्यांत मोठे, मिशी त्याहून मोठी. कपाटापुढं उभे राहिले. "माझा कोणता?"

सरांनी दाखवला. पिवळा.

"अकौंटंटचा?"

हिरवा.

बोंढारे साहेबांचा चेहरा उतरला. "ते माझ्यामागून लागले नोकरीला!"

"साहेब, तुमचं मशीन जुनं हाय, म्हणून..."

"मशीन जुनं असू द्या. मी बी जुनाच हाव. जुन्याला मान न्हाई काय?"

सर म्हणाले, "व्हय साहेब!" आणि ते गेल्यावर डोकं धरून बसले. तो कम्प्युटर शंभरवर चालणं शक्यच नव्हतं. मग शिंदे मॅडमनी पर्समधून पेपरमिंटच्या गोळीचा हिरवा पारदर्शक कागद काढला, नखाएवढा फाडला आणि दिव्यावर चिकटवला.

दुसऱ्या दिवशी बोंढारे साहेब आले, पाहिलं, मिशीवरून हात फिरवला. "फरक पडते हो! फाईल आता कशी फटकन उघडून राहिली!"

*

शिंदे मॅडमचं तोंड म्हणजे वसमतची ओली मिरची. इंजिनिअर एकदा आम्हाला हाफ आणि फुल समजावत होता. म्हणजे असं, की हाफ असलं तर एका वेळी एकच बाजू बोलते, दुसरीनं ऐकायचं. फुल असलं तर दोघं एकदमच बोलतात.

मॅडम म्हणाल्या, "आमच्या घरी हाफच हाय."

इंजिनिअर नवीन, भाबडा. "मग मॅडम, बोलायची पाळी कोणाची, ते कसं ठरतं?"

"पाळी कशाची? त्यांना निस्तं ऐकायचं हाय!"

*

मळीच्या वासानं कारखान्यात उंदीर माजलेले. एकदा आमच्या तारा कुरतडल्या. राठोड सरांना घाम फुटला, कारण आज बोंढारे साहेबांची तार होती, उद्या काट्याची असली तर? रहीमभाईंनी यावर उपाय म्हणून घरून एक मांजर आणून सोडली. उंदीर खरंच कमी झाले. पण एसीत मांजरीला थंडी वाजायची, म्हणून ती जाऊन स्विचवर झोपायची. तिथं छान ऊब!

नेमकं तेव्हाच एक संचालक पाहुण्यांना 'डाटा सेंटर' दाखवायला घेऊन आले. पाहुण्यांनी विचारलं, "ही मांजर?"

राठोड सर गडबडले. रहीमभाई मागं उभे होते, ते शांतपणे म्हणाले, "मेंटेनन्सला हाय. डेली वेजेसवर."

*

एकदा मीटिंगमध्ये एका संचालकांनी प्रश्न काढला. "शंभरवर चाललं तं लाईट जास्त लागत असंल?"

"तसं काही न्हाई साहेब..."

"लागतच असंल. आमची मोटर न्हाई काय, जोरात चालली की मीटर पळते. रविवारी ऑफिस बंद राह्यते. रविवारी सगळ्याला दहावर ठेवत जा."

"व्हय साहेब," सर म्हणाले.

सोमवारी ते संचालक खास विचारायला आले. "काल केलं होतं ना दहा?"

"व्हय साहेब."

"मी म्हणलंच. काल माझ्या घरी बल्ब बी मोठा लागला होता!"

*

आता शेवटचा. हा सांगितल्याशिवाय मांडववाल्यानंसुद्धा खुर्ची नेली नव्हती.

पुढच्या हंगामाची सुरुवात. उसाची पहिली मोळी टाकायचा कार्यक्रम, मांडव, बँड, गेटवर फुगे बांधलेले ट्रॅक्टर आणि शिंगं रंगवलेल्या बैलजोड्या. मांडवात ऊसवाले शेतकरी खच्चून बसलेले. चेअरमन साहेब भाषणाला उभे राहिले. त्यांच्या कानाशी कुणीतरी लागलं होतं, हे पहिल्याच वाक्याला कळलं.

"मंडळी, काल मला समजलं. आपल्या कारखान्यात माझ्या केबिनच्या कम्प्युटरला वेग शंभर. आन् ज्याच्यावर तुमचा ऊस मोजल्या जाते, त्या काट्याला किती? दहा! ह्यो न्याय हाय काय?"

मांडवातून आवाज, "न्हाई!"

"आजपासून माझं शंभर काट्याला! राठोड, जा. आत्ताच्या आत्ता करा. तुमी येईस्तोर मी बोलून राहिलो!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट! बँडवाल्यानं मधेच एक तुकडा वाजवून घेतला.

आम्ही तिघं खोलीत धावलो. सरांनी कीबोर्डवर हात ठेवले आणि तसेच थांबले. शंभर टाइप केलं की काटा त्याच क्षणी बंद, गेटवर सगळा तालुका बघतोय, आणि पितळी कुलूप संचालकांच्या टेबलावर तयार. एसीतसुद्धा सरांच्या कपाळावर घाम होता.

शिंदे मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, काही करू नका. केलं म्हणून सांगा. कोनाला काय कळते?"

सर पिवळ्या दिव्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आज नुसतं व्हय म्हणलं तर उद्या दुसरं कोनी खरंच शंभर करून ठेवंल. मी नसतानी."

ते उठले. आम्ही मागोमाग. मांडवात चेअरमन साहेबांनी लांबूनच माईकवरून विचारलं, "झालं काय राठोड?"

"न्हाई साहेब."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'न्हाई' मी पहिल्यांदा ऐकलं. चेअरमन साहेबांनी त्यांना स्टेजवर बोलावलं, माईक पुढं केला. "काहून न्हाई?"

"साहेब, काट्याचं मशीन जुनं हाय, तार लांब हाय. दहावर बराबर चालते. शंभर दिलं तं जागेवर बसंल. गाड्या गेटवर उभ्या हायेत. मी न्हाई करनार."

पहिल्या रांगेत संचालक मंडळी एकमेकांकडं बघू लागली. चेअरमन साहेबांनी फेटा नीट केला. मला वाटलं, झालं, गेलो आपण बांधावर.

"मंग माझं काहून शंभर?"

"तुमचं मशीन नवं हाय, साहेब."

"मी त्याच्यावर काय पाह्यतो?"

"काट्यावरचं वजन."

"शंभरनं पाह्यलं तं उद्याचं वजन आज दिसते काय?"

"न्हाई साहेब."

"मंग मला बी दहा लावा! काट्याच्या पुढं पळून मी काय करू?"

आधीच्या दुप्पट टाळ्या! टाळ्यांतच साहेब संचालकांकडं वळून म्हणाले, "आन् ते कुलूप बारदान्याच्या गोदामाला लावा. तिथून पोती जाऊन राहिली." राठोड सर स्टेजवरून उतरले तेव्हा त्यांना पायऱ्या दिसत नव्हत्या. रहीमभाईंनी हात धरला. पहिली बैलगाडी काट्यावर चढली, वजन चेअरमनच्या पडद्यावर आलं, दहाच्या वेगानं. मॅडमनी पदरानं डोळे पुसले आणि एसीमुळं होतं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली उघडायला गेलो, तर 'डाटा सेंटर'च्या दारात खातेप्रमुखांची रांग! सगळ्यात पुढं आमचे चीफ अकौंटंट. सरांना बाजूला घेऊन दबक्या आवाजात म्हणाले, "राठोड, चेअरमन साहेब दहावर, आन् मला शंभरवर बसवून ठेवलं काय? नोकरी घालवता माझी?"

"व्हय साहेब, आत्ता दहा करतो."

"दहा? त्यांच्या बराबरीला?" अकौंटंट घाबरून मागं सरकले. "पाच करा हो, पाच!"