मी तोडलेल्या जोड्या

भिलाईजवळच्या दुर्ग स्टेशनावर बाबा दिसेल त्याला हिंदीत सांगत होते, "लड़का विलायत जा रहा है!" चहावाल्याला सांगितलं, हमालाला सांगितलं, कुणाच्या तरी लग्नाच्या वऱ्हाडालाही सांगितलं. मायनं फक्त खिडकीतून चिवड्याची पुरचुंडी आत दिली आणि म्हणाली, "पोचला की लिहिजो." मी एकवीस वर्षांचा, अंगात उसना कोट, आणि गाडी कधी सुटते असं झालेलं. घाई विलायतेची नव्हती. मला मायच्या समोरून पळायचं होतं.

आता तुमचं पत्र आलंय, मंडळी. 'भिलाईचा सुपुत्र, जागतिक कीर्तीचा मॅनेजमेंट कन्सल्टंट' म्हणून माझा सत्कार करायचा म्हणता. वर 'मातीतून शिखराकडे' या विषयावर भाषण. डोंबलाचं शिखर! त्या मातीत मी काय केलं ते आधी ऐका. जे मागे राहिले त्यांनी ऐकावं आणि माझ्यासारखे सूटकेस घेऊन पळाले त्यांनीही ऐकावं.

आम्ही भंडाऱ्याकडचे. पोलाद कारखाना उभा राहतोय असं कळलं आणि बाबा-माय मला नि धाकट्या नामदेवला घेऊन भिलाईला आले. एका ठेकेदाराकडे पायाच्या खोदाईचं काम मिळालं. तिथं काम जोडीनं चालायचं. नवऱ्यानं खणायचं, घमेलं भरायचं, बायकोच्या डोक्यावर चढवायचं. तिनं ते चढण चढून वर टाकून यायचं. मुकादम नावंसुद्धा जोडीनंच पुकारायचा. आमच्या शेजारच्या खड्ड्यात मंगलू आणि सुकवारो ही छत्तीसगढी जोडी. सुकवारो मायची मैत्रीण. दोघींना एकमेकींची भाषा अर्धीच यायची, पण बडबड दिवसभर.

मी मॅट्रिक झालेला, म्हणून त्याच ठेकेदाराच्या कचेरीत मला खुर्ची मिळाली. आमचे साहेब मुंबईचे. काम 'सायंटिफिक' व्हायला पाहिजे, हे त्यांचं पालुपद. मी आठ दिवस खड्ड्याच्या काठावर उभा राहून पाहिलं. बायको परत येईपर्यंत नवरा फावड्यावर हात ठेवून उभा! मला वाटलं, केवढा वेळ वाया जातो. मी कागद केला: जोड्या मोडा, सगळ्या बायांची एकच रांग करा, ज्याचं घमेलं भरलं त्याचं पुढच्या बाईनं उचलायचं. साहेब खूश, दुसऱ्या दिवसापासून रांग सुरू. ठेकेदार दरवर्षी एका पोराला परदेशी कोर्सला पाठवायचा. "इस साल तुम्हारा नाम देता हूँ," साहेब म्हणाले. मी हवेत.

आठवड्याभरात मायची मान धरली. संध्याकाळी चुलीजवळ बसून ती म्हणाली, "तुहे बाबा माह्या मानेकडं पाहून घमेलं भरतेत. हा परका मानूस कायले पाहीन मानेकडं? तो शिगोशिग भरते अन् ठेवून देते. मंग सुकवारोले तं पाचवा महिना हाये. मंगलू तिले अर्धंच देत होता. आता कोन देते अर्धं? तो कागद बदल रे बाप्पा."

एवढंच मागितलं होतं तिनं. आणि मी शहाणा काय म्हणालो? "माय, पंधरा दिवस थांब. निवड होऊन जाऊ दे."

त्या पंधरा दिवसांत सुकवारो भरल्या घमेल्यासकट चढणीवर पडली. पोर गेलं. मंगलू तिला बैलगाडीत घालून हथखोजकडच्या आपल्या गावी घेऊन गेला. दुसऱ्या दिवसापासून निम्म्या बाया कामावर आल्या नाहीत. काम घसरलं तसं साहेबांनी मला लेखी कारण विचारलं. कारण मला माहीत होतं. खड्ड्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी लिहिलं: 'मजुरांची अनियमित हजेरी.' लाज कशी वाटली नाही मला? पुढं मुकादमानं गुपचूप जोड्या परत लावल्या, कामाला वेग आला, आणि साहेबांना वाटलं माझीच योजना फळली. माझी निवड झाली. मी तोंड उघडलं नाही.

साहेबांवर चिडून काय उपयोग? त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, माझ्या घरात ठाऊक होतं. पुढची तीस वर्षं मी देशोदेशी तेच विकलं. एअरपोर्ट, हॉटेल, बोर्डरूम, स्लाइड्स. कोण रिकामं उभं आहे ते शोधा, हटवा. लोक याला स्ट्रॅटेजी म्हणतात आणि टाळ्या वाजवतात. टाळ्या वाजल्या की मला त्या हॉलमधल्या सगळ्यांचा राग येतो, सगळ्यांत जास्त माझा.

बाबा गेल्यावर मी आलो. माय नामदेवच्या कारखान्याच्या वसाहतीतल्या, सेक्टर सहाच्या क्वार्टरात होती. तिची मान वळायची नाही. कुणी हाक मारली की सगळी वळायची. लाखोळीची भाजी निवडत बसली होती. मी म्हणालो, "माय, मले तवाच माहीत होतं. मी लिहिलं नाही."

"मले ठाऊक हाये," ती म्हणाली.

मी तिच्या पायांवर डोकं ठेवायला वाकलो. तिनं पाय मागे घेतले.

"माह्या पायाशी कायले येऊन राहिला? माही मान माह्या पोरानं मोडली, ते माहं मी पाहून घेईन. सुकवारो अजून हाये. तिच्या घरी जा. तिले सांग."

दुसऱ्या दिवशी माझं विमान होतं. मी गेलो नाही. पुढल्या खेपेलाही गेलो नाही. दर वेळी मीटिंग होती, कोर्ट-कचेरी असल्यासारखी टळू न शकणारी! भित्रा म्हणतात याला, दुसरं काही नाही. माय गेली, तरी मी गेलो नाही.

परदेशात मुलं विचारतात, तुमचं घर नेमकं कुठलं. भंडारा म्हणू, भिलाई म्हणू, की हे इथलं तीन बाथरूमवालं? मायनं दाखवलेल्या त्या एका दारात उभा राहिल्याशिवाय मला कुठल्याच घराला माझं म्हणायचा हक्क नाही. तेव्हा तुमचा हॉल रद्द करा, शाल परत करा. मी येतोय, पण सत्काराला नाही. नामदेवकडे काल फोनवर चौकशी केली. सुकवारो आहे. तिला आता दिसत नाही, म्हणाला. ऐकू चांगलं येतं.