बटणबाईंचं चुकलेलं माप

शाळा सुटल्यावर मुलं जिथे दोन-तीन तास थांबतात, त्या केंद्रात नव्या मुलाला कुठल्या गटात घालायचं हे बटणबाई ठरवतात. त्यांच्या कपाटात एक जुना कोट असतो. तो मुलाच्या अंगावर चढवायचा आणि म्हणायचं, "लाव बघू बटणं, वरून खाली." कुणी दोन बटणांत कंटाळून खिडकीकडे पळतं, कुणी जीभ बाहेर काढून शेवटपर्यंत झटतं, कुणी सरळ म्हणतं, "तूच लाव ना." तेवढ्यावरून बाईंना कळतं, हा अजून मातीत रमेल, हिच्या हातात कात्री देता येईल, त्याला नियमांचा खेळ झेपेल. वय त्या सगळ्यात शेवटी विचारतात.

या कामाआधी अठरा वर्षं त्या शाळांचे गणवेश शिवत होत्या. माप नजरेनंच घ्यायच्या. टेप नुसती गळ्यात लटकायची.

त्या नजरेनंच घात केला. सोमवारी दाराशी ही रांग! एका आईनं लेकीला पुढे ढकललं. "बाई, हिला मोठ्यांत घ्या हो. आधीच्या केंद्रात लहानांत सगळे जिराफ जिराफ करायचे." बाईंनी मुलीला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. नऊ वर्षांचं माप. कोट कपाटातच राहिला, कार्डावर लिहिलं गेलं: चढाईची भिंत.

मुलगी सहा वर्षांची होती.

गुरुवारी साडेचारला हॉलमधून चढाईच्या सरांचा आवाज आला. "डावा पाय खाली! उजवा हात सोडू नको! डावा गं, डावा!"

बाई धावल्या. भिंतीवर ठोकलेल्या रंगीत दगडांना धरून मुलगी दोन पुरुष उंचीवर चिकटली होती. या भिंतीला दोर नव्हता, खाली गाद्या असायच्या. पण मुलगी सरकत सरकत कडेला गेली होती आणि तिच्याखाली नुसती फरशी होती.

"सर, गप्प बसा आधी. गाद्यांच्या पट्ट्या सोडवा, एक इकडे ओढा."

"अहो, मी सांगतोय ना तिला..."

"तिला डावं-उजवं कळत नाही अजून! आणि तुम्ही चार गोष्टी एका दमात सांगताय."

सर पट्ट्यांशी झटू लागले. वरून बारीक आवाज आला, "बाई, माझा पाय आपोआप हलतोय."

"हलू दे. ऐक, हे दगड झोपलेत. उठवायचं नाही हं कुणाला. तुझ्या पायाखाली पिवळा आहे ना? त्याला नुसता अंगठा लाव."

"पिवळा जागाच आहे."

"मग हळूच पाय ठेव, झोपव त्याला."

पाय लोंबकळला, चाचपडला, टेकला.

"झोपला?"

"झोपला."

"शहाणी माझी. आता हिरवा."

हिरव्यावर पाय टेकताना हात निसटला. मुलगी किंचाळली, एका हातावर फिरली. खाली सरांच्या हातातली पट्टी एकदाची सुटली, गादी फरफटत आली.

"धरलंय मी!" मुलगी ओरडली.

"बघतेय गं मी. आता हिरव्यावर दोन्ही पाय. घाई नाही."

आणखी तीन दगड. मग बाईंनी तिला कंबरेत धरून खाली घेतलं.

"उतरली ना धडपणे," सर कपाळ पुसत म्हणाले. "आता आईला कशाला घाबरवायचं?"

सहाला आई आली. बाई दारातच म्हणाल्या, "आज तुमची लेक भिंतीवरून पडली असती. चूक माझी. उंची बघून मी तिला मोठ्यांत घातलं, तपासलंच नाही."

आईचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "तुम्हाला मुलं कळतात म्हणून इथे आणलं मी हिला! आणि आता? परत लहानांत, कात्री-कागद? पुन्हा जिराफ?"

"म्हणतीलच. पहिले आठ दिवस मी तिच्या शेजारी बसते."

"आणि नंतर?"

"नंतरचं आज छातीठोक नाही सांगत. एकदा तोंडावर पडलेय."

आई लेकीचे खरचटलेले तळवे उलटसुलट करून बघत राहिली. लेक पुटपुटली, "मला कात्री आवडते."

"आठ दिवस," आई म्हणाली. "पण मी रोज लवकर येणार. दाराशी उभी राहून बघणार."

"उभ्या कशाला? आत या."